लॅबच्या कॉम्प्युटरला लागलेली दृष्ट

त्या दिवशी कुणाला काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. यंत्रबाबांना एक पाकीट आणि इमारतीतल्या दुकानदारांची भक्ती. डॉक्टरबाईंना त्यांचा बंद पडलेला कॉम्प्युटर. त्यांच्या थोरल्या दिरांना 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणायची संधी. आणि मला सुटका. सगळ्यात मोठा फायदा माझाच होता, आणि मीच कोपऱ्यात मान खाली घालून उभा होतो.

आमची लॅब रक्त-लघवी तपासते आणि मी रिपोर्ट टाइप करतो. बाहेर तीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती. निम्मी रिपोर्टसाठी आलेली, निम्मी बाबांसाठी. बिघडलेल्या यंत्रावर हात फिरवून ते चालू करणारा पुरुष रोज कुठे बघायला मिळतो! पंप, फ्रिज, एकदा म्हणे अडकलेली लिफ्टसुद्धा. बाबांना आणलं होतं थोरल्या दिरांनी. त्यांना स्वतःचा मोबाइल नातीकडून चालू करून घ्यावा लागतो, पण यंत्रांच्या आत्म्याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत.

"यंत्रालाही जीव असतो," बाबा म्हणाले. अंगात पांढरा झगा, बाह्या मनगटाच्या खाली आलेल्या. "वायरीतली वीज दिसते का कुणाला? नाही ना? दृष्टही तशीच. दिसत नाही, पण लागते."

"वा!" दीर म्हणाले.

बाबांनी टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. पडद्यासमोर वाकून डोळे बारीक केले. मग मागच्या बाजूला गेले, कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीवर दोन्ही हात फिरवले आणि काहीतरी पुटपुटले. पुढे येऊन त्यांनी एक कळ दाबली. पडद्यावर रंग आले, आमचं नेहमीचं निळं चित्र आलं. दारातून टाळ्या पडल्या. डॉक्टरबाईंनी, ज्या पेशंटला दोनदा हात धुवायला लावतात त्यांनी, चक्क हात जोडले.

"याला रोज सकाळी पहिला हात कोणाचा लागतो?" बाबांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना झाडलोट करणाऱ्या मावशींकडे वळल्या. त्यांच्या हातात फडकं होतंच.

"माझा," मावशी म्हणाल्या. "पण मी नुसती धूळ..."

"या हाताला बरकत नाही. हा हात लांब ठेवा."

निघताना बाबांनी माझ्या मुठीत एक कागदाची पुडी दाबली. "घरी जाऊन एकट्यानेच उघड हो, बाळ." मी जिन्यातच उघडली. आत माझा पेनड्राइव्ह होता.

आता त्याआधीचं. डॉक्टरबाईंची सक्त ताकीद होती की त्यांच्या मशीनमध्ये नवीन काही घालायचं नाही. पण रिपोर्ट आपोआप मांडून देणारं एक सॉफ्टवेअर मला मित्राने दिलं होतं. त्याने रोजचे पावणेदोन तास वाचणार होते. दुपारी बाई जेवायला गेल्या तेव्हा मी पेनड्राइव्ह मागे खोचला आणि सॉफ्टवेअर चढवलं. 'मशीन बंद करून चालू करा' असं पडद्यावर आलं, मी केलं. पडदा काळा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ. घाबरून मी पेनड्राइव्ह काढायचंही विसरलो.

बाई आल्या. "अरे, काय झालं याला?"

"काही कल्पना नाही, बाई. आपोआप बंद पडला."

मावशी तेव्हा खिडकीची काच पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत पुसायला लागल्या.

माझ्या त्या 'आपोआप'मधूनच बाबा जन्माला आले. आणि पुडी उघडल्यावर मला कळलं की आता आम्ही भागीदार आहोत. त्यांनी माझं झाकलं, मी त्यांचं झाकायचं. मी झाकलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मावशींना घरी बसवलं, तेव्हाही झाकलं. इमारतीतल्या चार दुकानांत त्या झाडायला जायच्या. आठवड्याभरात चौघांनीही 'सध्या नको' म्हटलं. शिंप्याला शिलाई मशीनची काळजी, झेरॉक्सवाल्याला झेरॉक्सची. मी खाली मान घालून टाइप करत राहिलो.

नवव्या दिवशी मावशी लॅबची किल्ली परत द्यायला आल्या.

"भाऊ, एक विचारू? त्या डब्याच्या मागे त्या दिवशी बोटाएवढं काहीतरी खोचलेलं होतं. मागची धूळ रोज मीच काढते, तिथे तसलं कधी नसायचं. बाबा मागून फिरून आले आणि ते गेलं. काय होतं हो?"

मी टाइप करायचा थांबलो. "मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुमचं असेल. तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मावशी, जाऊ नका," मी म्हणालो आणि बाईंच्या खोलीत शिरलो.

काय बोललो ते सगळं सांगत नाही. बाईंचा चेहरा एखादा वाईट रिपोर्ट वाचावा तसा झाला. पण त्यांनी दिरांना बोलावलं, चारही दुकानदारांना बोलावलं. सगळ्यांदेखत मी पेनड्राइव्ह मागे खोचला आणि मशीन बंद करून चालू केलं. पडदा काळा. तीच ओळ.

"बघा, परत लागली!" दीर ओरडले.

"बाई, ती ओळ वाचा ना," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा सारखा केला. "जोडलेली बाहेरची वस्तू काढा... आणि कोणतीही कळ दाबा." त्या माझ्याकडे वळल्या. "हे तेव्हाही होतं?"

"हेच होतं. मशीन चालू होताना आधी पेनड्राइव्हमध्ये बघतं. तिथे चालू होण्याजोगं काही नसलं की तिथेच अडून बसतं. मी घाबरलो होतो, वाचलंच नाही. तुम्हीही नाही. वाचलं ते फक्त बाबांनी."

दिवसभर लोकांच्या रक्तातला कण न् कण वाचणारी माणसं आम्ही. काळा पडदा दिसला आणि बाईंची नि माझी, दोघांचीही अक्षरओळख पुसली गेली!

"मावशी, आता तुमच्या हाताने," मी म्हणालो.

त्या कचरल्या. मग डब्यामागे हात घातला, पेनड्राइव्ह उपटला आणि एका बोटाने कळ दाबली. निळं चित्र आलं.

दिरांनी तिथूनच बाबांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून घेऊन बाबा क्षणभरही अडखळले नाहीत. "अहो, ती वस्तू म्हणजेच दृष्ट! मी काढली ना?"

झेरॉक्सवाला इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

यंत्र बंद पडलं तर पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. मागे काय खोचलंय ते बघा. शेवटचा हात कुणाचा लागला ते विचारा, आणि तो हात तुमचा असेल तर तसं सांगून टाका. एवढं केलंत तर कुठल्याही बाबाला तुमच्याकडे काम उरणार नाही. बाबा माझं खोटं घेऊन आले नव्हते. ते इथे तयारच होतं, त्यांनी फक्त ते वापरलं.

आता कुणी काय भरलं ते. बाबांनी काहीच नाही, पाकीटही परत आलं नाही. दिरांनी थोडी लाज, ती आठवड्यात विरली. मी एक महिन्याचा पगार आणि बाईंचा विश्वास. मावशी लॅबमध्ये परत आल्या, तीन दुकानांनीही त्यांना बोलावलं. शिंप्याने मात्र नाही. "तुमचं सगळं पटतं हो," तो मला म्हणाला, "पण मशीन नवीन आहे, उगीच कशाला?"

ते चौथं काम मावशींचं गेलं ते गेलंच. चूक माझी होती, आणि तिची भरपाई त्या अजून करताहेत.