वन्संना गेलेली तंबी

साबणाचा धंदा काकूंचा. तो इंटरनेटवर नेला सुनेने. इथवर सगळं सुरळीत होतं. मग सुनेने भागीदार योजना काढली. प्रत्येक भागीदाराला वेगळी लिंक द्यायची; त्या लिंकवरून येऊन कोणी साबण घेतला की विक्री त्याच्या नावावर आणि थोडा वाटा त्याला. भागीदार निवडायचे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, हे काम काकूंकडे आलं आणि त्यांच्या डोक्याला ताप झाला.

कारण पहिले भागीदार झाले पुतणे आणि भाचे. एक जण आपल्याच लिंकवरून आपल्याच अंघोळीचा साबण मागवायचा. दुसऱ्याने घरच्या ग्रुपवर कोणाच्या तरी निधनाची बातमी आली, तर श्रद्धांजलीच्या पाठोपाठ लिंक चिकटवली. बाकीचे नाव नोंदवून ढाराढूर. शेवटी वैतागून काकूंनी तंबी लिहिली : ‘या महिन्यात तुम्ही एकही गिऱ्हाईक आणलेलं नाही. जमत नसेल तर नाव काढून घ्या.’ ज्याच्या नावावर विक्री नाही त्याला महिनाअखेरीस ती आपोआप जाईल, अशी सोय सुनेने करून दिली. काकूंना जरा बरं वाटलं.

ती तंबी वन्संनाही गेली.

वन्सं म्हणजे काकूंची धाकटी नणंद. त्यांचं बायकांचे केस कापायचं दुकान. काकू घरच्या पातेल्यात साबण करायच्या, वड्या वेड्यावाकड्या निघायच्या, त्या काळात त्या वड्या आरशाखालच्या फळीवर मांडून खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीच्या गळ्यात मारणाऱ्या ह्या एकट्या. आता त्यांनी फळीवरचे सगळे साबण खोक्यात भरून परत पाठवले. चिठ्ठी नाही, काही नाही. फोनही उचलेनात.

सुनेने कॉम्प्युटर उघडून दाखवला. वन्संच्या लिंकवरून खरंच कोणी आलेलं नव्हतं. काकू चडफडत उठल्या आणि दुकानात जाऊन बाकावर बसल्या. वन्संनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. खुर्चीतल्या ओल्या केसांच्या बाईने साबण कुठे गेले विचारलं, तेव्हा त्या आरशाकडे बघत म्हणाल्या, “माझ्याने गिऱ्हाईक येत नाही, असं लेखी आलंय मला.”

“असं कसं? तुम्ही सांगितलंत म्हणून तर मी घरीसुद्धा तोच मागवते.”

कसा मागवता, असं काकूंनी मधेच विचारलं. बाईने सांगितलं : फोनवर साबणाचं नाव घालायचं, सवलतीच्या कूपनांची एक साइट वर येते, तिथून पुढे जायचं. काकूंनी कपाळावर हात मारला. ती कूपनवाली साइट त्यांची सगळ्यात मोठी भागीदार होती. तिला त्यांनीच मंजुरी दिली होती, आणि पुतण्यांना उठता बसता तिचंच उदाहरण देत होत्या. बोलून बोलून घसा कोरडा करायच्या वन्सं, आणि शेवटचं बोट लागायचं कूपनवाल्याच्या पानावर, म्हणून नाव त्याचं.

“वन्सं, लिंक पाठवायची ना हो त्यांना.”

“हातात कात्री असते माझ्या, वहिनी. मी तोंडाने सांगते.”

घरी येऊन काकूंनी कूपनवाल्याला काढायला सांगितलं. आकडे पडतील, सून म्हणाली. पडू देत, काकू म्हणाल्या. तंबी तर त्यांनी स्वतःच पुसली. पूर्वी दारात अनोळखी गिऱ्हाईक आलं की काकू पहिल्यांदा विचारायच्या, कोणी पाठवलं? तोच प्रश्न सुनेने खरेदीच्या पानावर एका चौकटीत घातला. तिथे ज्याचं नाव पडेल, विक्री त्याची. आकडे पडलेच. अंघोळीच्या साबणवाल्या पुतण्याने चौकटीत ताबडतोब स्वतःचं नाव लिहिलं. बाकी चौकटींतून मात्र दुकानवाल्या ताई, कात्रीवाल्या ताई, केस कापतात त्या ताई, असं येत राहिलं.

महिना संपला आणि वन्संचा फोन आला.

“वहिनी, तुमच्या त्या यंत्राला सांगा, मला शाब्बास म्हणू नकोस. मी काही दुसरीत नाही.”

यंत्र अभिनंदनही आपोआप पाठवतं, हे काकूंना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या सुनेच्या नावाने ओरडणार, एवढ्यात वन्सं पुढे म्हणाल्या, “आणि ते खोकं द्या पाठवून. रिकामी फळी पुसून पुसून कंटाळले मी.”