पोटरीला चिकटलेलं पान
मी चाळीस वर्षं लोकांची अंगं चोळत आले. सिद्राच्या हाताखालून गेलेलं दुखणं परत येत नाही, असं आमच्या गावात म्हणायचे. मीही ते ऐकून फुगायची, खोटं कशाला बोलू!

शेजारच्या नेरिसाची लेक लुनिंग तेरा वर्षांची. अपेंडिक्स फुटून पोर तीन आठवडे इस्पितळात पडून होती. जांघेतल्या शिरेत नळी घालून तिला औषधं दिली होती. घरी आली ती हाडांचा सापळा होऊन, डावा पाय तेवढा टम्म सुजलेला. इस्पितळात परत न्यायचं सोडून नेरिसानं मला हाक मारली. आमच्याकडे आजीला लोला म्हणतात, आणि मी साऱ्या गावाचीच लोला.

"लोला, खाटेवरून उतरताना मुरगळला असेल का गं?"

"मला काय विचारतेस? पान सांगेल."

केळीचं पान निखाऱ्यावर धरून मऊ केलं, खोबरेल लावलं आणि पायावरून फिरवलं. जिथं मुरगळलेलं असतं तिथं पान चिकटतं, असं माझ्या आईनं मला शिकवलेलं. ते पोटरीवर गच्च चिकटलं. पोटरी गरम होती, पण मी म्हटलं, मुरगळलं की गरम होणारच.

"लोला, हळू ना! हात आहेत की नारळाची किसणी?" लुनिंग कळवळली.

"किसणीच. लग्नात नाचशील तेव्हा माझं नाव काढशील!"

अंगठा दाबून मी पोटरी खालून वर चोळली, पुन्हा पुन्हा चोळली. मग तिला उभं केलं. तिनं दोन पावलं टाकली आणि ती छाती धरून खाली बसली. "श्वास येत नाहीये," एवढंच म्हणाली. ओठ जांभळे पडले होते.

ट्रायसिकलमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या मोटारसायकल-रिक्षात, तिचं डोकं मांडीवर घेऊन आम्ही शहरातलं इस्पितळ गाठलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. मोठं आजारपण, इतके दिवस पडून राहणं, शिरेतली नळी, यानं मुलांमध्येसुद्धा गुठळी होते म्हणाल्या.

"पाय कुणी चोळला?"

"मी," मी म्हटलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रक्त पातळ करायचं औषध सुरू केलंय, पोर वाचेल. पण किती दिवस द्यायचं ते ठरवायचंय." त्या नेरिसाकडे वळल्या. "तुमच्या घरात कुणाला अशी गुठळी झाली होती? कुणी तरुणपणी अचानक गेलं?"

"गुठळी कुणाला नाही. माझी बहीण कार्लिता गेली, पण ती बाळंतपणात. बिनाट झालं तिला." नेरिसाचा आवाज खाली गेला. "ओली बाळंतीण होती, आणि मी तिचे केस धुतले."

बिनाट म्हणजे बाळंतिणीचं उलटलेलं दुखणं. ते नाव मीच दिलं होतं, सोळा वर्षांपूर्वी, कार्लिताच्या उशाशी उभी राहून. लवकर केस धुतले म्हणून गेली, असं मी तिच्या आईला सांगितलं होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण आत पोर नळीनं श्वास घेत होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "कार्लिताचाही पाय असाच सुजला होता. डावाच. पान तिथंच चिकटलं होतं. मी चोळला, आणि तासाभरात ती गेली."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. "मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासू," म्हणाल्या आणि आत गेल्या.

नेरिसा माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे... पाण्यानं नाही?"

"नाही गं बाई. तुझ्या पाण्यानं नाही."

तिनं मला शिवी द्यावी म्हणून मी वाट बघत होते. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, लोला. मरेपर्यंत तिनं मला तिचे केस धुऊ दिले नाहीत."