पीठ आणून देणारी बाई

मी एक जुना टीव्ही आहे. कृष्णधवल, वीस इंची, लाकडी पेटीतला, पुढे दोन बाजूंना सरकणारी दारं असलेला. मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मला थोडा संकोच वाटतो. घरातल्या एका निरपराध बाईवर सगळ्यांनी संशय घेतला, आणि त्या सगळ्यांत मीही होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. १९८५ साली नगरच्या दुकानातून मी टांग्यात बसून भिंगारला आलो. सूर्यभान भिंगारदिवे मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त होऊन गावी परतले होते. त्यांनी मला बुद्धांच्या तसबिरीखालच्या टेबलावर बसवलं. त्यांच्या पत्नी रंगुबाई मात्र माझ्याकडे चोरट्या नजरेनं बघत राहिल्या. त्याला कारण होतं.

रंगुबाई एके काळी टीव्हीतच दिसत असत. मुंबईत टीव्ही नवा होता, तेव्हा त्या नर्सच्या वसतिगृहात खानावळ चालवायच्या. महिलांच्या कार्यक्रमासाठी कुणीतरी त्यांना बोलावून नेलं आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर स्टोव्ह पेटवून हुलग्याचे शेंगोळे केले. अशी रांधणारी ही पहिलीच बाई, असं सूर्यभान येईल त्याला सांगत. लोकांना त्या 'रंगुताई' म्हणून ठाऊक झाल्या. पोतं भरून पत्रं यायची. रंगुबाई रात्रंदिवस बसून शक्य तेवढ्यांना उत्तरं लिहायच्या.

सूर्यभान गेले. मुलगा पंकज नागापूरच्या कारखान्यात लागला. हिवरे बाजारच्या बाजूची अश्विनी सून म्हणून आली. सासूला ती आत्या म्हणे. दुपारी दोघी माझ्यासमोर बसून शेंगोळे वळायच्या. माझी दारं बंद असत, पण कान उघडे असत. अशाच एका दुपारी रंगुबाईंनी कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट अश्विनीला सांगितली.

"त्या साहेबानं मला म्हटलं, आडनाव नको, नुसतं रंगुताई म्हणा. का, ते तो बोलला न्हाई, पर मला समजलं. आमचं आडनाव ऐकून कुनी माझ्या हातचं शिकलं असतं का? मी व्हय म्हटलं. त्याच दिवशी माझी आई भिंगारवरून हुलग्याचं पीठ घेऊन स्टुडिओच्या दारात आली. सोबतच्या बाया म्हनल्या, ही कोन? मी म्हटलं, पीठ आणून देणारी बाई हाय."

"मग?" अश्विनीनं विचारलं.

"मग काय. आईनं ऐकलं. पिशवी ठिवली आन् गेली. पुन्हा त्यावर एक शब्द बोलली न्हाई."

अश्विनीच्या हातातला शेंगोळा तसाच राहिला. ही गोष्ट तिथेच राहायला हवी होती.

१९९६ साली रविवारी संध्याकाळी 'उकळी' नावाची मालिका सुरू झाली. टीव्हीवर पहिल्यांदा स्वयंपाक शिकवणाऱ्या सुमती नावाच्या बाईची ती कथा होती. शेजारच्या भागूबाई, त्यांच्या लेकी, गल्लीतल्या आणखी दोघीतिघी आमच्याकडे जमू लागल्या. पहिल्या भागात सुमती खानावळ चालवताना दिसली. रंगुबाई हसल्या. तिसऱ्या भागात सुमतीनं पहिला पदार्थ केला तो हुलग्याचे शेंगोळे. रंगुबाईंचं हसू मावळलं. बाया गेल्यावर त्या पंकजला म्हणाल्या, "घरातलं कुनीतरी बोलतंय."

"आई, योगायोग असंल," पंकज म्हणाला.

"शेंगोळ्याचा?"

त्या दिवसापासून घर बदललं. अश्विनी आली की रंगुबाई बोलणं थांबवत. पंकजनं डबा उचलला तरी त्या विचारत, कुठं बोललास, कुणापाशी बोललास. एकदा त्यांनी माझ्या बंद दारांवर जाड चादर टाकली. "ह्याचंबी काय सांगावं," असं पुटपुटल्या. मी दुखावलो. मित्रांनो, अकरा वर्षं मी त्या घरातलं सगळं ऐकलं होतं आणि एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

पण खरं सांगतो, संशय मलाही आला होता. चादर पडण्याच्या आदल्या दिवशी घरात कुणी नसताना अश्विनी माझ्या टेबलावर कागद ठेवून भराभरा काहीतरी लिहीत होती. मजकूर मला दिसला नाही. अर्धवट उघड्या दारांतून पाकिटावरचा पत्ता तेवढा दिसला. तो पत्ता 'उकळी'चा भाग संपल्यावर दर रविवारी माझ्याच पडद्यावर यायचा. माझ्या मनात आलं, हीच ती.

सातव्या भागात सुमतीची आई पिठाची पिशवी घेऊन स्टुडिओच्या दारात आली. खोलीत कुणीतरी शेंगा फोडत होतं, त्याचाच काय तो आवाज. सुमती मान फिरवून म्हणाली, "पीठ आणून देणारी बाई आहे."

भागूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय बया लेक हाय ही! आईला अशी बोलली!"

रंगुबाई उठल्या आणि त्यांनी माझं बटण फिरवून मला बंद केलं. "वीज लई जळती," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टपाल घेऊन आलेल्या छगन पोस्टमननं सहज म्हटलं, "मावशी, सूनबाईंचं रजिस्टर पोचलं का मुंबईला? त्या सीरियलवाल्यांचं हो." रंगुबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी अश्विनीला माझ्यासमोर उभं केलं.

"काय लिहिलंस त्यांना?"

"आत्या, मी विचारायला लिहिलं. शेंगोळं बघून मलाबी शंका आली, की ह्यांना आपल्या घरचं कोन सांगतंय."

"विचारायला! माझ्या आईची गोष्ट तुझ्याबिगर कुनाला ठाव नव्हती, अश्विने. तुझ्या सासऱ्यालाबी कधी सांगितली न्हाई."

"मी तुमच्या पाया पडून सांगते..."

"माझ्या चुलीला हात लावू नकोस."

पंकज मध्ये पडला नाही. त्यालाही खात्री नव्हती. त्यानंतरचे पंधरा-सोळा दिवस अश्विनी त्या घरात पाहुण्यासारखी राहिली. भांडी घासायची, पाणी भरायची, पण स्वयंपाकघरात चुलीपाशी गेली नाही. ताट वाढून दिलं तर जेवायची. एकदा एकटी असताना तिनं माझ्यावरची चादर उचलली, दारं सरकवून काचेवरची धूळ पदरानं पुसली, दारं लावली आणि चादर पुन्हा नीट घातली. मी काहीच बोलू शकलो नाही. आणि बोलता आलं असतं, तरी मी तिच्या बाजूनं बोललो असतो का, हे मला आज सांगता येत नाही.

मग मुंबईहून जाड पाकीट आलं. अश्विनी नळावर गेली होती. नाव तिचं होतं, पण रंगुबाईंनी सही करून घेतलं आणि तिथेच, माझ्यासमोरच्या चटईवर बसून फोडलं. मालिका लिहिणाऱ्या दीपा नावाच्या बाईंचं पत्र होतं. रंगुबाई एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचू लागल्या.

"अश्विनीताई, तुम्ही विचारलंत की हे मला कुणी सांगितलं. रंगुताईंनीच सांगितलं. दहावीत असताना मला आईला शाळेत आणायची लाज वाटायची. मी तसं रंगुताईंना लिहिलं. त्यांचं उत्तर सोबत पाठवते आहे. नावं बदलली म्हणजे पुरे, असं मला वाटलं. त्यांना आधी विचारायला हवं होतं. ते माझं चुकलं."

पाकिटातून एक निळं, घडीवर फाटत आलेलं आंतरदेशीय पत्र निघालं. १९७६ सालचं. रंगुबाईंनी आपलं अक्षर ओळखलं. त्याच महिन्यात त्यांची आई वारली होती. दुःखाच्या भरात त्यांनी एका अनोळखी मुलीला सगळं लिहून टाकलं होतं आणि शेकडो पत्रांच्या ढिगात विसरून गेल्या होत्या. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. 'वाचून झालं की हे फाडून टाक. आणि उद्याच आईला शाळेत घेऊन जा.'

 अश्विनी हंडा घेऊन आत आली, पाकीट बघून दारातच थबकली. रंगुबाई तिच्याकडे बघू शकल्या नाहीत. पत्रं तिथेच चटईवर ठेवून त्या आत गेल्या.

रविवारी रंगुबाईंनी स्वतः चादर काढली, माझी दारं सरकवली आणि भागूबाईंना हाक मारून बोलावलं. बाया जमल्या. भागूबाईंनी बसल्या बसल्या विषय काढला, "त्या सुमतीनं आईची माफी मागितली का हो पुढं?"

"न्हाई मागितली," रंगुबाई म्हणाल्या. "धीर व्हायच्या आत आई गेली. भागूबाई, ती सुमती म्हंजे मी. दारात आलेली बाई माझी आई. लंकाबाई कचरू साळवे. कोसावरच्या जात्यावर तिनं ते पीठ दळलं हुतं."

 भागूबाईंनी पदर तोंडाला लावला. रंगुबाईंनी आत वळून हाक मारली, "अश्विनी, इकडं ये."

ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आईबद्दल चारचौघांत खोटं बोलले. तुझ्याबद्दल घरात बोलले. तिची माफी मागायची राहिली. तुझी मागते. सगळ्यांदेखत मागते."

  अश्विनी वळून स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळानं चुलीशेजारच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

मित्रांनो, १९९९ साली त्या घरात रंगीत टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. माझी पिक्चर ट्यूब आता उजळत नाही. त्याची मला तक्रार नाही. तुमच्या घरातली जुनी वस्तू अडगळीत टाकलीत तर चालेल, वर्षातून एकदा फडकं मारा म्हणजे झालं. पण घरातल्या माणसाला असं अडगळीत टाकू नका. ते म्हणत असेल, 'मी विचारायला लिहिलं,' तर उत्तर येईपर्यंत तरी थांबा. मी थांबलो नव्हतो.