रिकामा मास्क

घरी ताई, प्रयोगशाळेत मॅडम. नणंदेने हा नियम पहिल्याच दिवशी घालून दिला होता आणि वर बजावलं होतं, "तू फक्त ससे आणून द्यायचे. अक्कल पाजळायची नाही." वहिनीने तो शब्द सहा महिने दातओठ खात पाळला.

हुंगवायच्या भुलीने सशांच्या रक्तातली साखर वाढते, हा मॅडमचा शोध. पण आकडे इतके उड्या मारायला लागले की सशांच्या आधी विभागप्रमुखांनीच कान टवकारले. ते जाब विचारायला आले, तेव्हा मॅडमनी बेधडक वहिनीकडे बोट दाखवलं.

"हिने चोरून गाजरं चारली, सर. आजच काढून टाका हिला."

गाजरं! वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही नोकरी गेली, तर बिनकामाची म्हणून रोज घरात याच बाईची बोलणी खात बसायचं होतं.

"सर, एक ससा घेऊन बघा," ती म्हणाली. "भुलीचा गॅस बंद ठेवा, नुसता ऑक्सिजन सोडा. मास्क मात्र मॅडमच लावतील, रोज लावतात तसा."

प्रमुखांनी सशाच्या कानाच्या शिरेतून स्वतः थेंब घेतला. साखर एकशे अठरा. मग मॅडमनी सशाला मानगुटीला धरून टेबलावर दाबलं आणि मास्क नाकावर चेपला. ससा श्वास कोंडून मागच्या पायांनी टेबल बडवत राहिला. दहा मिनिटांनी पुन्हा थेंब घेतला. दोनशे सेहेचाळीस.

"ही भीतीची साखर आहे," प्रमुख म्हणाले. "त्यात गॅसची किती, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. सगळं पहिल्यापासून करा." त्यांनी मॅडमच्या आकड्यांच्या वहीवर आडवी रेघ मारली आणि ते निघून गेले.

मॅडम वहिनीकडे वळल्या. "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग सहा महिने बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, ताई. फक्त ससे आणून द्यायचे."

कशी जिरवली, असं मनात म्हणत वहिनीने ससा उचलला. त्याचं काळीज तिच्या तळहाताला धडधडताना लागलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. नणंदेची खोड मोडायला तिने असे चाळीस ससे मुकाट्याने या टेबलावर आणून दिले होते. पिंजऱ्यापाशी तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तर तो तिच्याही हातातून सुटायला लाथा झाडू लागला.