बादलीतले घण

"सही करा, दांडेकाका. दोनच तर ओळी आहेत." सुपरवायझरने कागद पुढे सरकवला.

सोमवारी घणाचं डोकं दांड्यावरून उडून लोहाराच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि हे दांडा नीट न बसवल्यामुळे घडलं, असं त्या दोन ओळींत लिहिलं होतं. वर्कशॉपमधल्या घणांना, हातोड्यांना, कुऱ्हाडींना दांडे बसवायचं काम एकतीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. त्यावरूनच त्यांना दांडेकाका म्हणत.

"तो मी बसवलेला नाही."

"मग काय भुताने बसवला?"

दाराशी तिघे-चौघे काम सोडून उभे होते. काकांचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. मागे एकदा त्यांनी मालकाच्या मेव्हण्याला खुर्चीसकट उचलून कॅन्टीनबाहेर ठेवलं होतं. सुपरवायझरलाही ते ठाऊक होतं. म्हातारा अंगावर धावून आला की त्याला हाकलायला कागदाची गरजच उरणार नव्हती.

"घरी दुःख झालंय, मी समजू शकतो," तो मोठ्याने म्हणाला. "बाई गेल्यापासून तुमचं लक्षच नाही कामात. हात थरथरतात म्हणे."

काकांची कानशिलं तापली. बायको जाऊन चार महिने झाले होते.

ती शाळेत इंग्रजी शिकवायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी दूधवाल्याशी भांडून पातेलं भिंतीवर फेकलं, तेव्हा ती घाबरायच्या ऐवजी हसली होती. "इंग्रजीत ह्याला म्हणतात, फ्लाय ऑफ द हँडल. दांड्यावरून उडणं. घाव घालताना सैल कुऱ्हाडीचं पातं उडतं ना, कुणाला लागेल नेम नाही, त्यावरून आलंय ते."

"मग त्या साहेबांना पाचर ठोकता येत नसणार," काका गुरगुरले होते.

तेव्हापासून चारचौघांत त्यांचा आवाज चढला की ती हळूच म्हणायची, "अहो, पाचर."

आज तसं म्हणणारं कुणी नव्हतं. काकांनी दोन्ही हात खिशात घातले. ते खरंच थरथरत होते.

"तो दांडा आणा," ते म्हणाले.

"कशाला?"

"आणा तर. का जाळलात?"

दाराशी उभ्या असलेल्या लेथवाल्याने कोपऱ्यातून दांडा उचलून टेबलावर ठेवला. काकांनी त्याचं टोक सगळ्यांना दिसेल असं फिरवलं.

"माझ्या दांड्याच्या टोकाला करवतीची चीर असते आणि चिरेत पाचर. ह्याला चीर कुठाय?"

"चिरेला काय सोनं लागलंय?"

"एका घणाला अर्धा तास लागतो, म्हणून तुम्ही मला नुसत्या कुऱ्हाडींच्या कामाला लावलंत. घणांचे दांडे बाहेरून ठोकून आणलेत आणि रात्रभर बादलीत बुडवलेत. ओलं लाकूड फुगतं, दोन दिवस घट्ट राहतं. वाळलं की आधीपेक्षा सैल. तेव्हाच सांगितलं होतं मी. अजून सात घण आहेत त्या बादलीत."

"काका," लेथवाला हातातल्या घणाकडे बघत म्हणाला, "हा मी सकाळी त्याच बादलीतून घेतला."

"मग सहा आहेत. खाली ठेव तो."

कुणीतरी फिसकन हसलं.

"आवाज खाली!" सुपरवायझर ओरडला.

"तुमचाच चढलाय, साहेब," लेथवाला म्हणाला.

काकांनी कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं: 'हा दांडा मी बसवलेला नाही. त्याला पाचर नाही. बादलीतले घण कुणी वापरू नयेत.' खाली पूर्ण नाव घालून सही केली.

"सही पाहिजे होती ना? घ्या. आता ही दारावर लावतो."

"उद्यापासून कामावर यायचं नाही!"

"उद्याचं उद्या. आज आहे ना मी?"

त्यांनी कागद दारावर खिळ्याने ठोकला. मग सातही घणांची डोकी उतरवली, फळीवरून सुक्या लाकडाचे नवे दांडे काढले आणि करवत घेतली. पहिल्या दांड्यावर करवत दोनदा घसरली. लेथवाला न सांगता पाचरी तासायला बसला.

संध्याकाळी सातवा घण त्यांनी ऐरणीवर तीनदा आपटून पाहिला. डोकं जागचं हललं नाही.

'आज उडालो नाही बघ,' घरी गेल्या गेल्या तिला सांगायचं, असं त्यांनी मनात ठरवलं. मग ते थबकले. बादलीतलं पाणी त्यांनी मोरीत ओतलं, बादली पालथी घातली आणि वर्कशॉपचे दिवे मालवेपर्यंत तिच्यावरच बसून राहिले.