अंगठ्याखालची जागा

शिरूर अनंतपाळच्या गुरुलिंगाण्णाचा स्वभावच तसा. दूध आलं की बोट बुडवून बघणार, नोट आली की उजेडात धरणार. बायको शिवकांता म्हणायची, "ह्यांला सोन्याचं ताट द्या, आधी उलटं करून बघतील." त्यात दुष्काळाचं साल. घागरीला कुलूप लावायची वेळ आली, तिथं माणसावर विश्वास कोण ठेवील?

असा माणूस केरबा लोहाराकडं चाकू सांगायला गेला हेच नवल. पण इलाज नव्हता. दुकानात गूळ कापायला, पोत्याची शिवण उसवायला घडीचा चाकू लागायचा, आणि बाजारातले चाकू महिन्यात खिळखिळे व्हायचे. केरबानं वाटीभर पाणी मागून घेतलं, माती मळली आणि गोळा पुढं केला. "आण्णा, मुठीत दाबा."

"कशाला?"

"तुमच्या हाताचं माप. मूठ तुमालाच बसंल, दुसऱ्याला न्हाई."

गुरुलिंगानं दाबला खरा, पण घरी जाईस्तोवर डोक्यात भुंगा. अंगठ्याच्या ठशावर लोकांच्या जमिनी गेलेल्या त्यानं बघितल्या होत्या. ह्याला माझा ठसा कशाला पाहिजे? चार दिवसांनी जाऊन त्यानं तो गोळा परत मागितला. "न्या की, माप झालंय," केरबा म्हणाला. गुरुलिंगानं गोळा घरी आणून अंगणात टाचेखाली चुरला, तेव्हा कुठं त्याला जेवण गेलं.

वीस दिवसांनी चाकू आला. केरबा तो हातात द्यायला गेला, तसा गुरुलिंग मागं सरला.

"खाली ठेव. चाकू हातातून हातात घेतला की वैर येतं."

केरबानं चाकू फळीवर ठेवला. पातं जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचं होतं. नखानं ओढलं की आतली कमान आधी जरा हटून बसायची, मग टक् करून पातं सरळ. हलवून बघितलं, केसभर हलेना. मिटवलं तर टोक मुठीत असं बुडालं की वरून बोट फिरवलं तरी लागेना. जोड कुठं आहे ते चष्मा लावूनही सापडेना. मूठ काळीभोर, तुकतुकीत, आणि तिच्यात एक बारीक खळगा. गुरुलिंगाचा अंगठा आपोआप त्यात जाऊन बसला. इतकं बरं वाटलं त्याला की काय सांगावं. जन्मात पहिल्यांदा एखाद्या वस्तूत खोट निघेना, आणि तिथंच गडी बिचकला.

"मूठ कशाची?"

"वळखा की," केरबा हसून म्हणाला.

"शिंगाची दिसतीया."

केरबाचं हसू गेलं. "तुमच्या गळ्यात लिंग हाय आण्णा. तुमाला शिंगाची मूठ दीन व्हय मी?"

"मग कशाची ते सांग."

"चार दिस हातात धरा, मग सांगतो. फकस्त सोमवारी एक दिवस मला द्या."

सोमवारचं कारण मोठं होतं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि तिथल्या नव्या कचेरीनं गावोगावच्या कारागिरांना आपापलं काम दाखवायला बोलावलं होतं. ज्याचं काम पसंत पडेल त्याला शेड मिळणार, वर्षभराचं काम मिळणार. केरबाचा कोळसा, हुन्नर, सगळं ह्या एका चाकूत गेलं होतं. दुसरा नमुना नव्हता. जमलं नाही तर बायकापोरं घेऊन नांदेडकडं, विष्णुपुरीच्या धरणावर माती वाहायला जायचं, हे ठरलेलं.

गुरुलिंग "बरं" म्हणाला. पण शंकेला काय, ओटी द्या, ओसरी मागती. सांगत का नाही हा? ज्या हातानं लिंगाला भस्म लावायचं, त्याच हातात ढोराचं शिंग? रविवारी दुपारी शिवकांता पाण्याच्या टँकरवर गेली, तेव्हा ह्यानं पोतं शिवायची दाभण चुलीत लाल केली. शिंग असेल तर जळक्या केसांचा वास येणार. आणि जागा निवडली ती अंगठ्याखालची. तिथं कुणाला दिसतंय?

टेकवली. केसांचा वास नाही. लाकडाचाच, जरा गोडसर. शहाण्यानं तिथंच थांबावं. पण एकदा हुंगून ह्याचं भागतंय होय? दुसऱ्यांदा जोरानं दाबली, आणि खळग्यापासून पार काठापर्यंत मूठ तडकली.

सोमवारी सकाळी केरबा धुतलेला सदरा घालून आला. चाकू उचलला, अंगठा फिरवला, आणि तडा काठापर्यंत नखानं चाचपत गेला.

"बेल हाय, आण्णा," तो म्हणाला. "तुमच्या दारचा. भात्तर सालच्या दुष्काळात वाळला तो. तुमचे वडील म्हणले, म्हादेवाचं झाड, चुलीत जायचं न्हाई. बुंध्याचा तुकडा मला दिला. चौदा वर्सं माळ्यावर जपला. तेलात मुरवला म्हणून काळा दिसतोय."

"आधी का सांगितलं न्हाईस?" गुरुलिंगानं विचारलं.

"सांगितलं असतं तर पटलं असतं तुमाला?"

लाजेनं गुरुलिंगाचे कान तापले. भर बाजाराच्या दिवशी त्यानं दुकानाच्या फळ्या लावल्या आणि केरबाबरोबर लातूरच्या गाडीत चढला.

कचेरीतल्या साहेबानं चाकू उघडला, मिटवला, पुन्हा उघडला. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून बघायला आली. साहेबानं तर कमानीचा आवाज ऐकायला चाकू कानाजवळ धरला. मग त्याचा अंगठा खळग्यात गेला.

"मूठ तडकलीय की. जळालीय पण."

गुरुलिंग पुढं झाला. "मी जाळली, साहेब. शिंग हाय का बघत होतो. ह्याचा काय दोष न्हाई."

माणसं हसली. साहेब हसला नाही. "हात चांगला आहे ह्यांचा," तो म्हणाला. "पण नमुना वर पाठवायचा असतो, आणि तडकलेला पाठवता येत नाही. पुढच्या वर्षी धड आणा, मी स्वतः बघतो."

स्टँडवर नांदेडच्या गाडीची पाटी बघत केरबा म्हणाला, उद्या ह्याच गाडीनं निघावं लागणार.

"दुसरा कर," गुरुलिंग म्हणाला. "कोळसा मी देतो, पोलाद देतो. वर्षभर दाणे घरनं ने."

"दाण्यांचं न्हाई, आण्णा. बेल सरला."

केरबानं खिशातून चाकू काढला. गुरुलिंगानं तळहात पुढं केला. "हातात दे."

केरबानं त्या हाताकडं बघितलं. मग वाकून चाकू बाकावर ठेवला.

"नको. वैर येतं म्हणं."

तो शिरूरच्या गाडीकडं गेल्यावर गुरुलिंगानं चाकू उचलला. अंगठा आपोआप जागेवर जाऊन बसला. जागा खरखरीत होती.