एकतीसचे अडतीस

पाण्याचे मीटर तपासण्याच्या कार्यशाळेत ती सोळा वर्षं काम करत होती. एका ओळीत दहा मीटर बसवायचे, मोजून पाणी सोडायचं आणि प्रत्येकाचा आकडा वाचून लिहायचा. फरक मर्यादेबाहेर गेला की मीटर बाद. तिथे तिला सगळे मीटरताई म्हणत, आणि माघारी खडूस.

गेलं वर्षभर तिचा जबडा तिच्या जिवावर उठला होता. ती झोपेत दात खायची. नवरा शाळेच्या बसवर चालक. तो म्हणायचा, शेजारी कुणी खडी दळतंय असं वाटतं. एका दाढेचा टवका उडाला. सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची, जांभई द्यायचीसुद्धा धास्ती वाटायची. आणि ज्याला सांगावं तो एकच सांगायचा, ताण घेऊ नका. नणंदेने तर निदानच करून टाकलं, की वहिनी राग गिळतात म्हणून दात खातात. त्या दिवशी तिने राग अजिबात गिळला नाही. नणंद महिनाभर फिरकली नाही.

म्हणून दातांच्या मोठ्या रुग्णालयात जेव्हा एका तरुण डॉक्टरने सांगितलं, की आम्ही याच दुखण्यावरचे तीन उपाय एकमेकांशी ताडून बघतोय, तेव्हा तिला बरं वाटलं. चाळीस रुग्णांचे तीन गट. एका गटाला झोपताना दातांवर बसवायची पट्टी, दुसऱ्याला जबड्याच्या स्नायूत इंजेक्शन, तिसऱ्याला व्यायाम आणि मालिश. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठी टाकून ठरणार. सहा महिने तोंड किती उघडतं आणि किती दुखतं ते मोजायचं. उपदेश न करता मोजू पाहणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता. तिच्या चिठ्ठीत इंजेक्शन निघालं.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग दुखणं परत आलं, आधीसारखंच. बाहेरच्या बाकावर तिची एका शाळेतल्या बाईंशी ओळख झाली. त्याही इंजेक्शनच्याच गटात. इंजेक्शननंतर बाईंचं हसू एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि अर्ध्या जेवणातच चावून चावून जबडा थकायचा. पहिलीतली मुलं त्यांना विचारायची, बाई, तुम्ही आमच्यावर रुसलात का? बाईंनी हे डॉक्टरांना सांगितलं होतं. होईल कमी, म्हणाले होते.

तिसऱ्या तपासणीला सिस्टरने तिच्या उघड्या दातांमध्ये मोजपट्टी धरली आणि आकडा सांगितला, एकतीस. दहापैकी किती दुखतं, असं डॉक्टरने विचारलं. ती सात म्हणाली. डॉक्टरने लिहिलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो खिडकीपाशी गेला. टेबलावरचा कागद तिच्या बाजूने उलटा दिसत होता, पण आकडे वाचण्यात तिचा जन्म गेलेला. तिथे अडतीस लिहिलं होतं. खालच्या ओळीत दुखणं, तीन.

तिला खरंच वाटलं की चूक झाली. तो परत आल्यावर तिने सरळ सांगितलं.

“दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतातच,” तो हसून म्हणाला.

“सात मिलिमीटर आहेत. आणि मी सात सांगितलं त्याचे तीन कसे झाले?”

त्याचं हसू गेलं. त्याने फाइल मिटली. रुग्ण त्रासलेला असला की दुखणं वाढवून सांगतो, आम्हाला एकंदर चित्र बघावं लागतं, असं काहीतरी तो बोलत राहिला. शेवटी म्हणाला, “तुमचा स्वभावच तापट दिसतो. इतका राग धरून ठेवलात तर कुठलंच औषध लागू पडणार नाही.”

तिचं डोकं सणकलं. म्हणजे हाही तसलाच. फरक एवढाच, की हा ते कागदावर लिहीत होता.

“माझा राग माझ्यापाशी राहू दे,” ती म्हणाली. “तुम्ही माझं दुखणं लिहा.”

मग ती सिस्टरकडे वळली आणि पुन्हा मोजा म्हणाली. सिस्टरने डॉक्टरकडे बघितलं. तो मान हलवून नाही म्हणत होता. सिस्टरने मोजपट्टी उचलली, मोजलं आणि आधीपेक्षा मोठ्याने सांगितलं, एकतीस. डॉक्टरने सिस्टरला बाहेर जायला सांगितलं. त्या गडबडीत मीटरताईने फाइल उघडून कागदाचा फोटो काढला. त्याने फाइल ओढून घेतली, पण उशीर झाला होता.

बाहेर येऊन तिने बाईंना हात धरून उठवलं. दोघी विभागप्रमुखांच्या दारात दीड तास बसून राहिल्या. मॅडम मीटिंगमध्ये आहेत, उद्या या, असं शिपाई तीनदा सांगून गेला. तिसऱ्यांदा ती त्याला म्हणाली की उद्या आलो तर चाळीसच्या चाळीस येऊ. मग दार उघडलं.

विभागप्रमुख वयस्कर, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी फोटो पाहिला आणि दोघींच्या फाइली मागवल्या. शाळेतल्या बाईंच्या कागदावर इंजेक्शनच्या त्रासापुढे लिहिलं होतं, तक्रार नाही. प्रमुखांनी मान वर करून बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

पुढच्या पंधरवड्यात सगळ्या रुग्णांना फोन गेले. एकोणीस कागदांवरचे आकडे बदललेले निघाले, सगळे इंजेक्शन चांगलं दिसावं अशा बेताने. डॉक्टरला या कामातून काढलं. आणि चाळीस जणांना दोन ओळींचं पत्र आलं, की काही कारणास्तव अभ्यास थांबवण्यात येत आहे.

ते वाचून ती जेवणाच्या ताटावरून उठली. काही कारणास्तव! नवरा म्हणाला, अगं, तू जिंकलीस ना? तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचा घास मुकाट्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती बाईंना घेऊन परत प्रमुखांसमोर उभी राहिली. तिन्हींतला कुठला उपाय बरा, हे तिने आधी विचारलं.

“माहीत नाही,” प्रमुख म्हणाल्या. “या वर्षी कळलं असतं. आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल. त्यात तुम्हा दोघींना घेता येणार नाही, कारण तुम्हाला इंजेक्शन देऊन झालंय.”

इंजेक्शन वाईटच निघालं असतं असं नव्हे. कदाचित पट्टीपेक्षा चांगलं ठरलं असतं. पण ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. चाळीस माणसांचे जबडे, त्यांची खर्ची पडलेली रजा, सुया, सगळं त्या एका माणसाच्या इंजेक्शन चांगलं ठरवण्याच्या घाईने मातीत गेलं होतं.

शाळेतल्या बाई हळूच म्हणाल्या, “तो विचारायचा, बरं आहे ना? मी वाकड्या तोंडाने हसून हो म्हणायचे. त्याला वाईट वाटू नये म्हणून. मला तेव्हाच राग यायला हवा होता.”

मीटरताईने टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि लिहिलं, रुग्णांनी सांगितलेले आकडे बदलले गेले, म्हणून हा अभ्यास रद्द केला आहे. हे पत्र सगळ्यांना पाठवा म्हणाली. प्रमुखांनी रुग्णालयाच्या नावाचं काय, असं विचारलं. तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला. तिथेच उभी राहिली. शेवटी प्रमुखांनी एक शब्द न बदलता सही केली.

तिला पट्टी मिळाली, व्यायामही शिकवले. दुखणं पाचावर आलं, कधी सहावर जातं. बाईंचं तोंड तीन-चार महिन्यांत आपसूक सरळ झालं.

दुसरं पत्र पोचलं, त्या आठवड्यात तेवीस जण रुग्णालयात जाऊन तावातावाने भांडून आले. बाईही होत्या त्यांत. त्यांनी फोन करून सगळं साग्रसंगीत सांगितलं. मीटरताईला त्या दिवशी रजा मिळाली नव्हती. याचा तिला अजून राग येतो.